हिरवे चौकोन

वृद्धाश्रमासाठी लोकरीचं मोठं ब्लँकेट करायचं ठरलं, तेव्हा ब्राह्मणपाऱ्यातल्या महिला मंडळात प्रत्येकीच्या वाट्याला विणायचे चार-चार चौकोन आले. लोकर आणायला सदर बाजाराच्या गर्दीत कोण जाईल, असं म्हणत चेतनानं सासूबाईंनी मागच्या थंडीत विणून दिलेला हिरवा स्वेटर उसवला. तसाही तिनं तो एकदाही घातला नव्हता.

मंडळात तिच्या चौकोनांचं कौतुक झालं.

"लोकर तं एकदम बढिया आहे. कुठून घेतली?" अपर्णादीदीनं विचारलं.

"सदर बाजारातून," चेतना म्हणाली.

सगळ्यांचे चौकोन भरलेली पिशवी दीदीनं तिच्याच हातात दिली. "हे जोडायला तुझ्या सासूबाईंनाच दे. त्यांच्यासारखी सफाई कोणाच्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाई गच्चीवर उन्हात बसून क्रोशानं चौकोन जोडत होत्या. चेतना चहा घेऊन गेली, तर त्या एका हिरव्या चौकोनावरून अंगठा फिरवत होत्या.

"उसवलेली लोकर आधी धुवा लागते, चेतना. नाही तं अशा वळ्या राहतात."

"आई, मी..."

"चहा ठेव तिथं."

चेतनानं कप ठेवला. शेजारी सुयांवर अर्धा विणलेला मरून स्वेटर होता, या थंडीसाठी, तिच्याच मापाचा. सासूबाईंनी तो हळूच तिच्याकडे सरकवला.



"हा उसवशील तवा मले सांगजो. लोकर मी धुऊन देईन."