बेडचं वजन

"सिस्टर, सही करा आणि विषय संपवा," व्यवस्थापकांनी माफीपत्र पुढे सरकवलं.

सात नंबर बेडवरच्या बाळाचं वजन सिस्टरनी चुकीचं भरलं, म्हणून पंपातून औषध दुप्पट वेगाने गेलं, असं पत्रात होतं. पंप वेळेत बंदही सिस्टरनीच केला, बाळ ठणठणीत घरी गेलं, हे मात्र नव्हतं. सही केली तर मुलांचा वॉर्ड कायमचा सुटणार. नाही केली तर नोकरीच.

"मी नऊ किलोच टाकलं होतं." किती वेळा सांगायचं माणसाने!

"मशीन खोटं बोलत नाही, सिस्टर," बाजूचा इंजिनिअर मोबाइलमधून मानही वर न करता म्हणाला. पंपाचा प्रोग्राम त्याचाच. पुरावा म्हणून त्याने परवाच चार पानं छापून दिली होती. पानभर नुसते डब्ल्यू, टी, बी-सात. कुणाच्या बापाला कळणार होतं!

दार धाडकन उघडलं. सिस्टरची दहावीतली भाची. मावशीने घरी आणलेली ती पानं घेऊन दोन दिवस बसली होती ती. प्रत्येक अक्षर कशासाठी आहे ते हुडकून त्याच्या जागी सरळ शब्द लिहीत होती. शेवटची ओळ आत्ता बाहेरच्या बाकड्यावर झाली होती.

"मावशी, थांब! आधी हे वाच. मला दवाखान्यातलं कळत नाही, तुला कळेल."

"ए, ही कोण? बाहेर जा," व्यवस्थापक म्हणाले.

सिस्टरनी चष्मा लावला. पहिल्यांदाच त्या प्रोग्राम वाचत होत्या, आणि चक्क वाचता येत होता.

"सात नंबर बेड. मुलाची नोंद झाल्यावर दहा मिनिटांत वजन आलं नाही, तर बेडचं आधीचं वजन धर. नंतर आलेलं वजन सोडून दे."

त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. कान लाल झाले.

"बेडचं? अहो, बेडचं कसलं वजन? बेड तोच राहतो, मूल बदलतं! वजनकाटा खालच्या मजल्यावर आहे. रडतं बाळ घेऊन जाऊन यायला वीस मिनिटं लागतात मला. आणि आदल्या दिवशी त्या बेडवर पाच वर्षांचा गोट्या होता. अठरा किलोचा!"

नऊ आणि अठरा. हिशोब करायला कुणालाच कागद लागला नाही. व्यवस्थापकांनी माफीपत्र हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

"असं... असं लिहीत नसतात," इंजिनिअरचा मोबाइल एकदाचा खाली गेला. "हा काय प्रोग्राम आहे? हे तर कुणीही वाचेल."

"मग तुम्ही का नाही लिहिलंत असं, दादा?" भाची कमरेवर हात ठेवून उभी.

"कोणी वाचेल असं वाटलंच नव्हतं."

इंजिनिअर उठायला लागला.

"बसा," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तो बसला. त्यांनी पान उलटलं, चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आठ नंबर बेड."