बेशुद्ध माणसानं बोलायचं नाही

बागेतल्या शिरीषाच्या झाडावर साईराज मान टाकून पट्ट्यात लटकला होता आणि खाली त्याचा बाप नाथाजी नुसताच वर बघत उभा होता.

परीक्षा घेणाऱ्या शरयू मॅडमनी शिट्टी वाजवली होती, घड्याळ सुरू झालं होतं. परीक्षेतला हा शेवटचा भाग. झाडावरचा आपला माणूस बेशुद्ध पडलाय असं धरायचं, वर चढायचं आणि त्याला स्वतःच्या पट्ट्याला जोडून खाली आणायचं. झाडं छाटणाऱ्या ठेकेदाराला दर तीन वर्षांनी प्रशिक्षण घेऊन हे नव्यानं करून दाखवावं लागतं, तेव्हा कुठं त्याचं कार्ड पुढं चालू राहतं. कार्ड नाही तर पावसाळ्याआधीची छाटणी नाही, आणि नाथाजीची वर्षाची चूल त्या छाटणीवरच पेटते. सकाळी लोणंदचा एक ठेकेदार पास होऊन पेढेसुद्धा वाटून गेला होता.

"साई, हाय का रं?" नाथाजीनं हाक मारली.

वरून उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं. बेशुद्ध माणसानं बोलायचं नाही, बोलला की परीक्षा तिथंच संपली, असं मॅडमनी साईराजला बजावून वर पाठवलं होतं. पण या बापलेकांच्या कामाची रीत वेगळी. पाल्यात शिरलेला माणूस खालून दिसत नाही. म्हणून खालच्यानं घडीघडी विचारायचं, 'हाय का?' वरच्यानं म्हणायचं, 'हाय'. मगच खालच्यानं दोर ढिला सोडायचा. कोरेगावात ज्या गल्लीत ही जोडी काम करते, तिथली पोरं पुढं आठवडाभर तेच ओरडत फिरतात.

"आरं, हाय का?"

"नाथाजी, तो बेशुद्ध आहे," मॅडम म्हणाल्या. "हाक मारून झाली. आता चढा."

"व्हय, व्हय. कळतंय की मला."

कळत होतंच. पण काळजाला कोण समजावणार? पट्ट्यात निपचित लटकलेला माणूस थोड्या वेळानं खरोखरच बेशुद्ध होऊ शकतो, हे मॅडमनीच काल वर्गात सांगितलं होतं. तेव्हा जांभया देत ऐकलेलं ते वाक्य आता नाथाजीच्या डोक्यातून हलेना. पोराची मान जरा जास्तच वाकडी दिसत होती. हातही कसे मेल्यासारखे सुटलेले.

तो चढू लागला. पन्नाशी उलटलेला गडी, पण झाडाला हात लागला की वय खाली राहायचं. कमरेच्या दोन कड्यांपैकी वरची दोरात अडकवायची, मगच खालची सोडायची. पुन्हा वरची, पुन्हा खालची. हा नियम त्याला पाठ होता. पाल्यात शिरल्यावर मॅडम दिसेनाशा झाल्या आणि मॅडमनाही तो दिसेनासा झाला.

पोराच्या जवळ पोचल्यावर तो कुजबुजला, "साई, मॅडमला न्हाई ऐकू जायचं. एकदाच म्हण की रं."

साईराजनं डोळे घट्ट मिटून घेतले. त्याला हसू येत होतं आणि संतापही येत होता. कार्ड हातचं जाईल, एवढंही या माणसाला कळू नये? तो ओठ चावून गप्प राहिला. बापासाठीच गप्प राहिला.

"साई?"

आता दोघांमध्ये एकच फांदी उरली होती. नाथाजीला धीर धरवेना. त्यानं खालची कडी सोडली, वरची अडकवायची तशीच राहिली, आणि फांदीवरून वाकून त्यानं पोराच्या गालाकडं हात नेला.

साईराजनं एक डोळा किलकिला केला. बापाच्या कमरेला दोन्ही कड्या मोकळ्या लोंबत होत्या.

गप्प बसता आलं असतं. बिनदोराचं चढण्यात बापाची उमर गेली होती, तोल त्यानं सांभाळला असता. खालून कुणालाही काही दिसत नव्हतं. आणखी थोडाच वेळ, की कार्ड हातात. तेवढ्यात नाथाजीचा बूट सालीवरून जरासा सरकला.

"आबा, कडी!"

हाळी सगळ्या बागेत घुमली. नाथाजी जागीच थिजला. मग त्यानं हळूच कडी उचलून दोरात अडकवली. खटका वाजला आणि पाठोपाठ खालून शिट्टी.

"बेशुद्ध माणूस बोलला, नाथाजी," मॅडमचा आवाज आला. त्यांनाही ते सांगणं जड जात असावं. "इथंच थांबवते. पुढची परीक्षा आता दिवाळीनंतर."

म्हणजे यंदाची छाटणी गेली. साईराजचा चेहरा रडवेला झाला. "माज्यामुळं गेलं वो, आबा. म्या गप ऱ्हायाला पायजे हुतं."

नाथाजीनं पोराला आपल्या पट्ट्याला जोडलं, जोड दोनदा ओढून बघितला, मग त्याचा दोर सोडवला. सगळं शिकवल्याबरहुकूम, खोट काढायला जागा नाही. आता ते मोजायला कुणी नव्हतं. दोघं एकाच दोरावर, छातीला छाती लागलेली, हळूहळू खाली येऊ लागले.

पहिल्या फांदीपाशी नाथाजीनं विचारलं, "हाय का रं?"

पोरगा नाकासमोर होता. त्याचा श्वास बापाच्या मिशांना लागत होता.

"हाय," साईराज म्हणाला.

पुढच्या फांदीपाशी त्यानं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्याही. मॅडम सामान आवरून निघाल्या होत्या, त्या वाटेत थांबून ऐकत राहिल्या. दोघांचे पाय जमिनीला टेकले, तरी नाथाजी विचारतच होता.