जोडीदाराची जागा

नैसर्गिक बाळंतपणाच्या वर्गात प्रत्येक बाईच्या मागे तिचा नवरा बसायचा. माझ्या नवऱ्याला पहिल्या शनिवारी मीटिंग होती, दुसऱ्या शनिवारी मॅच. तिसऱ्या शनिवारी तो सोफ्यावरूनच म्हणाला, "श्वासच घ्यायचाय ना? त्याला मी कशाला?"

माझं डोकं असं फिरलं की हातातली चटई मी त्याच्या अंगावर भिरकावली. सासूबाईंनी ती उचलली, गुंडाळून काखेत मारली आणि चपला घातल्या.

त्यानंतर एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही. कळ आली की कमरेवर मुठीने नेमकं कुठे दाबायचं, हे त्या साठाव्या वर्षी शिकल्या. स्वतःचे गुडघे कुरकुरत असताना रोज माझ्याकडून सराव करून घेतला.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी मात्र नवरा इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात हजर. नर्स म्हणाली, "आत एकालाच सोडते."

"मीच जाणार. बाप आहे मी," तो मोबाईल सरसावत म्हणाला. "व्हिडिओ काढायचाय."

मला शिव्या द्यायच्या होत्या, पण तेवढा दम उरला नव्हता. सासूबाईंनी नर्सच्या हातातला गाऊन घेऊन अंगात चढवला आणि बाकावरचा पेपर उचलून लेकाच्या हातात कोंबला.



"तुझ्या वेळी मी आत ओरडत होते आणि तुझ्या बाबांनी बाहेर बसून अख्खा पेपर वाचला. घे, तूही वाच."