नव्या कडा

विंड टनेलमधल्या वाऱ्यात पुलाचं लाकडी मॉडेल थरथरू लागलं, तसा विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेची प्रमुख असलेल्या मृणाल केळशीकरने पंखा बंद केला.

"सर, हा पूल वादळात टिकणार नाही."

आराखडा भाटवडेकर सरांचा होता. मृणालला वाऱ्याचं गणित त्यांनीच शिकवलं होतं.

"माझा एकही पूल आजवर हलला नाही," सर म्हणाले. "अहवालावर सही कर."

"करते, पण नापास म्हणूनच," ती शांतपणे म्हणाली. "कडा निमुळत्या केल्या तर टिकेल. करून बघू?"

सरांनी वाकून काचेतून मॉडेलच्या कडा निरखल्या. मग त्यांनी मानेनेच होकार दिला.

चार दिवसांनी नव्या कडांचं मॉडेल तेवढ्याच वाऱ्यात जराही हललं नाही. मृणालने सहीसाठी पेन उचललं.

"थांब," सर म्हणाले, "वारा आणखी वाढव."