'येतेच' नावाचा डोंगर

डोंगर शेवटी खिडकीशी आला. तसं काही घडलंच नाही, असं नकाशा कार्यालयातल्या साहेबांचं म्हणणं आहे. तेव्हा आपण मुकाट नकाशेवालीच्या टेबलाकडे वळू.

तिच्या आजोळचे आदिवासी त्या डोंगराला 'येतेच' म्हणत. हरवलेल्या लेकीला शोधायला निघालेली आई वाटेत डोंगर झाली, अशी गोष्ट. नकाशेवाली लहान असताना तिची आईही "येतेच गं" म्हणून गेली, ती गेलीच.

"बाई, हे काय नाव झालं? खोडा आणि 'शिखर नऊ' लिहा," साहेब म्हणाले.

"नाव खोडलं तर ती वाटेतच थांबेल, साहेब. नकाशावर रोज बोटभर आपल्या कार्यालयाकडे सरकतेय."

"शाई पसरली असेल."

तेवढ्यात पश्चिमेची खिडकी अंधारली. काचेवर कुणीतरी हळूच टकटक केलं.

नकाशेवालीनं अर्ज लिहिला: "महोदय, आईला आत येता यावं, म्हणून कार्यालयाची पश्चिमेकडील भिंत काढून देण्यात यावी, ही नम्र विनंती."