मळू नयेत म्हणून

पुढे काय येणार हे ओळखता येणं हाच साऱ्या ज्ञानाचा पाया आहे, असं मुख्याध्यापिकाबाई मानत. म्हणून त्यांनी बालवर्गासाठी लाल-निळे मणी आणवले आणि मळू नयेत म्हणून कपाटात कुलपात ठेवले. तपासणीचे साहेब आले की तेवढ्यापुरते ते बाहेर निघत.

आजही निघाले. एक लाल, एक निळा, पुन्हा एक लाल, असं मुलं मन लावून ओवत होती.

"शाब्बास! आता सांगा, मण्यांशिवाय असं पुन्हा पुन्हा काय येतं?" साहेबांनी विचारलं.

वर्गात जिला सगळे भोंगा म्हणत, ती चिमुरडी उठली. "तुम्ही येता, मणी बाहेर. तुम्ही जाता, मणी कपाटात. तुम्ही येता, मणी बाहेर. तुम्ही जाता..."

"पुरे गं, बस खाली!" मुख्याध्यापिकाबाई किल्ली चाचपत म्हणाल्या.

भोंग्यानं माळ गळ्यात घातली. "आता नाही देणार, जा!"

बघता बघता अख्ख्या वर्गानं माळा घातल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गाला शिकवणाऱ्या ताईंकडे डोळे वटारून पाहिलं, तर ताईंच्याही गळ्यात एक.



शाळा सुटेपर्यंत मणी मळले. साबणानं धुतल्यावर स्वच्छ झाले.