ताईंची एक ओळ

“आता दोन शब्द बोला, ताई,” म्हणत टेलरकाकूंनी माईक ताईंच्या हातात कोंबला. पाच वाजायला दहा मिनिटं होती. पाचला हॉल व्यायामाच्या वर्गाला द्यायचा होता, आणि त्या बायका चटया काखोटीला मारून दारात येऊन उभ्याही राहिल्या होत्या.

दोन वाजल्यापासून ताई या माईकची वाट बघत होत्या. गाण्याच्या क्लबाची वर्षअखेरची पार्टी आणि ताईंचा निरोप, दोन्ही एकाच केकवर उरकायचं ठरलं होतं. भाषणं झाली, एकेकाची गाणी झाली. गाणाऱ्यांची यादी नेहमी ताईंकडे असायची, पण आज क्लबात कीबोर्ड वाजवणाऱ्या वायरमनने ती काढून घेतली होती. “आज तुम्ही पाहुण्या. बोटसुद्धा हलवायचं नाही!” यादीत सत्तावीस नावं होती. ताईंचं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ताई गाणं बसवतात, गात नाहीत, हे अठरा वर्षांत सगळ्यांनी गृहीतच धरलेलं.

आणि मागायचं तरी कोणत्या तोंडाने? भावाकडे कायमची राहायला चालले, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मंगळवारी घशाचं ऑपरेशन आहे, गाठ मोठी आहे, आवाज राहील याची डॉक्टर हमी देत नाहीत, हे कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. घातलं असतं तर पार्टी कसली, नुसती रडारड झाली असती. त्यात क्लबाने भेट काय द्यावी? थर्मास! “तिकडे गारठा फार. गरम पाणी पीत जा, घसा जपा,” असं टेलरकाकूंनी बजावलं, तेव्हा हसावं की रडावं तेच ताईंना कळेना.

घरी एकटीने गाऊन रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून त्या तासभर उभ्या राहिल्या होत्या. पण भिंतींना काय गाऊन दाखवायचं? तोंडच उघडेना. जन्मभर वाचनालयात लोकांना गप्प बसवलं, आणि दर शनिवारी वरच्या या हॉलमध्ये त्याच लोकांना गायला लावलं. आपला आवाज एकदा, फक्त एकदा, माणसांच्या कानांवर पडायला हवा होता. मग डॉक्टरांना काय कापायचं ते कापू दे.

त्यांनी आपला फोन टेलरकाकूंकडे दिला. “काकू, एवढं रेकॉर्ड करा. बटण आधीच दाबून ठेवा.”

“भाषण पाठ करून आलेत वाटतं!” वायरमन कीबोर्डमागून ओरडला. सगळे हसले.

“भाषण नाही. गाणार आहे मी.”

वायरमनने कीबोर्डवरचे हात मागे घेतले.

गाणं ताईंच्या आईचं. कपडे वाळत घालताना ती म्हणायची. क्लबात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ताई पहिल्यांदा हेच शिकवायच्या, ओळ ओळ तोडून, चुका काढत. सलग असं त्या कधीच गायल्या नव्हत्या.

त्यांनी श्वास घेतला आणि पहिली ओळ म्हटली. निघाला की आवाज! जाडसर, जरा खरखरीत, पण स्वतःचा. टेलरकाकूंनी तर तोंडाचा आ केला. ओळ पुरी झाली, आणि दुसरीच्या पहिल्याच सुराला घशाने दगा दिला. आवाज थरथरला, अडखळला. सावरायला एक क्षण पुरला असता.

तेवढा क्षण त्यांना कुणी दिला नाही. क्लबाचा पहिला नियम ताईंनीच घालून दिलेला: गाणारा अडखळला की सगळ्यांनी उचलून धरायचं, एकट्याला पडू द्यायचं नाही. वायरमनने सूर धरला आणि सत्तावीस गळे एकदम उठले.

ताईंचे ओठ हलत होते, पण स्वतःचा आवाज त्यांना स्वतःलाच सापडेना. अहो थांबा, पाया पडते तुमच्या, मला एकटीला गाऊ द्या! ओरडायला गेल्या तर घशातून नुसती हवा आली. त्यांनी हात वर केला, तळवा समोर धरून. खाली वाचनालयात या हाताने भलेभले गप्प बसत. पण शनिवारी, इथे, हाच हात म्हणजे ‘घसा मोकळा सोडा’. सगळ्यांनी घसा मोकळा सोडला. दारातल्या चटईवाल्या टाळ्या वाजवू लागल्या. ताईंनी घाबरून दुसराही हात वर केला. मग काय, छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

गाणं संपलं तेव्हा पाच वाजले होते. “पुन्हा एकदा, मी एकटी,” ताई म्हणाल्या, पण ते माईकपर्यंतसुद्धा पोचलं नाही.

“कंठ दाटून आला हो त्यांचा,” कुणीतरी म्हणालं आणि चौघीजणी डोळे पुसू लागल्या. व्यायामवाल्यांनी खुर्च्या भिंतीकडे सरकवायला घेतल्या.

टेलरकाकूंनी फोन परत दिला. “बटण आधीच दाबलं होतं बरं का. आणि काय झक्कास आलंय! एकही आवाज वेगळा पडलेला नाही.” याच एका गोष्टीसाठी ताईंनी अठरा वर्षं सगळ्यांच्या मागे लकडा लावला होता. आज ती जमली होती.

थर्मास काखेत धरून ताई जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. एक श्वास. एक ओळ. मग लोंढा. त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेलं. श्वास, ओळ, लोंढा. पुन्हा मागे नेलं.

वायरमन त्यांचं सामान उचलायला निघाला, तसा टेलरकाकूंनी त्याचा हात धरला.

“थांब रे जरा. आपण किती छान गायलो, ते परत परत ऐकतायत त्या.”